केळफुलाचा डाग

भुवनाक्काच्या अंगावर काळे डाग असत आणि ते केळफुलाचे आहेत, हे आमच्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे तिनं सांगितलं होतं आणि आम्ही ऐकून घेतलं होतं. मनगटावर डाग, दंडावर डाग, एकदा तर कानामागे. केळफूल सोलताना चीक कानामागे कसा उडाला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. हे लिहिताना मला सगळ्यांत जास्त राग माझाच येतो आहे, तेव्हा माझ्या सांगण्यात गोडवा शोधू नका.

मी लक्ष्मीप्रिया. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहते आणि रोज बसनं ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत जाते. भुवनाक्काचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पलीकडचं सगळं इकडे ऐकू येतं. कुकरची शिट्टी येते, तिचा नवरा मुरलीकृष्ण आळवतो ते भजन येतं. मग खिडक्या लावल्याचा आवाज येतो. एक, दोन, तीन. तिसरी खिडकी लागली की मी टीव्ही मोठा करायचे.

मुरलीकृष्ण एका देवस्थानाच्या कचेरीत हेडक्लार्क. कपाळावर गंध, बोलणं हळू, शुक्रवारी भजनात गळा असा लागायचा की म्हातारे डोळे पुसायचे. दारू नाही, तंबाखू नाही. माणूस सोन्यासारखा, असं गल्ली म्हणायची. हा सोन्यासारखा माणूस आमटीत मीठ कमी पडलं म्हणून पितळी डावानं बायकोच्या बरगड्या मोजायचा. चेहऱ्यावर कधी मारलं नाही. तेवढा हिशेब त्याला होता.

ती लग्न होऊन या घरात आली त्याला एकोणीस वर्षं झाली. मूल नाही. दुसऱ्या वर्षी राहिलं होतं, पाचव्या महिन्यात गेलं. विहिरीजवळ पाय घसरला, असं तिच्या सासूनं, गंगाबाईनं, सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी परसात पाणी सांडलेलं नव्हतं. माझी आई तेव्हा जिवंत होती. तिनं परस पाहिलं, घरी आली आणि तांदूळ निवडत बसली.

भुवनाक्काचं काम सांगते. नोकरीला जाणाऱ्या बायकांना ती भाजी साफ करून द्यायची. छोटे कांदे सोलून, केळीचा गाभा बारीक चिरून, शेवग्याचा पाला काड्या काढून. पण तिचं नाव होतं ते केळफुलासाठी. आमच्या घरांत त्याला तमिळमधलंच नाव, वाळैप्पू. सगळ्यांना आवडतं आणि सोलायला कुणी बसत नाही. एकेक लाल पान उलगडायचं, आतली फुलांची फणी काढायची, प्रत्येक फुलातला तो टोकाला टाचणीसारखा टणक दांडा ओढून टाकायचा, कारण तो शिजत नाही. असं करत करत पांढऱ्या कोवळ्या गाभ्यापर्यंत यायचं. चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात, नाहीतर काळं पडतं. तिची बोटं चालायची तेव्हा मी पाहत बसायचे. विळीवर एक पाय, पातं स्थिर, मान खाली. एक फूल सोलायला मला अर्धा तास लागतो, तिला पाच मिनिटं.

आणि सोलण्याआधी हाताला तिळाचं तेल. कोपरापर्यंत. तेल लावलं की चीक लागत नाही, डाग पडत नाही. हे तंजावुरातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. भुवनाक्काची बोटं आमच्या गल्लीत सगळ्यांत स्वच्छ होती. रोज चार फुलं सोलणारी बाई, बोटांवर एक डाग नाही, आणि दंड काळा. आम्ही दोन्ही पाहायचो. पाहून "वाळैप्पूचा डाग" म्हणायचो.

गेल्या वर्षी राजवाड्याजवळ एका जुन्या घराचं हॉटेल झालं. स्वयंपाकघर नित्याच्या ताब्यात. नित्या तिरुवैयारूची, आपल्यातलीच, म्हणजे घरी आमची तंजावुरी मराठी बोलणारी, चेन्नईला शिकून आलेली. तिला भाजी कापायला कायमची बाई हवी होती. मागच्या अंगणात राहायला खोली होती, कडी आतून लागणारी. हे कडीचं भुवनाक्कानं मला दोनदा सांगितलं.

एका शनिवारी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. नित्यानं टोपलीतून एक विचित्र वस्तू काढली. हिरवी, मुठीएवढी, खवल्यांवर खवले, प्रत्येक खवल्याच्या टोकाला काटा.

"आर्टिचोक म्हणतात, अक्का. कोडैकानलहून येतं. सोमवारी फ्रान्सचे पाहुणे येणार अहेत, बारा नग साफ करून पाहिजे. ते जमलं की काम तुमचं."

भुवनाक्कानं ते हातात फिरवलं, वास घेतला. "हे तर काट्यांचं वाळैप्पू."

"व्हिडिओ पाठवूं का?"

"नक्को. फोन त्यांच्याजवळ असतो. आणि मज कशाला शिकवायचं, वाळैप्पूच अहे."

नित्यानं सरावाला दोन आर्टिचोक दिले. देताना तिची नजर भुवनाक्काच्या दंडावर गेली, पोलक्याच्या बाहीखालून एक काळी कड डोकावत होती. मग तिनं बोटं पाहिली. "हा कसला डाग, अक्का?"

"वाळैप्पूचा."

नित्यानं पुन्हा एकदा तिच्या स्वच्छ बोटांकडे पाहिलं. तीही तंजावूरकडचीच होती, तेल तिलाही माहीत होतं.

परत येताना भुवनाक्का एवढंच म्हणाली, "प्रिया, सोमवारपर्यंत हात नीट राहिले पाहिजेत. बाकी अंगाचं काही नाही."

रविवारी दुपारी तिनं मला चव बघायला बोलावलं होतं. सकाळपासून भिंतीपलीकडून कापण्याचा आवाज येत होता, केळफुलासारखा मऊ नाही, कचकच असा. नंतर तिनं मला सगळं सांगितलं. काट्यांनी अंगठा फोडला. वरचा शेंडा विळीवर दाबला तेव्हा पातं अडकलं, दोन्ही हातांनी रेटावं लागलं. मग एकेक पान उलटं मोडलं. खाली ढीग पडला, हात तपकिरी झाले, तेलाला न जुमानता. शेवटी मधोमध पोचली तर तिथे दाट, रेशमासारखे तंतू, फणीसारखे उभे. झालं, हीच फुलं, असं तिनं धरलं. केळफुलात हेच तर खायचं असतं. तिनं ते तंतू खरवडून ताकात टाकले आणि खालचा जाड, बशीसारखा तुकडा देठ समजून केरात फेकला. जगात दुसऱ्या कुणी बाईनं हे केलं नसतं. आमच्या भुवनाक्कानं केलं, कारण तिला एक फूल फार चांगलं येत होतं.

तुरीची डाळ आणि लाल मिरच्या भरड वाटून, वाफवून, मोकळी करून तिनं त्या तंतूंची उसळी केली. आम्ही केळफुलाची करतो तशीच, मोहरी आणि खोबरेल तेलात.

त्या घराचा नियम होता. चुलीवरून उतरलेलं पहिल्यांदा मुरलीकृष्णाच्या पानात. तो जेवून उठल्यावर बाकीच्यांनी. सराव असो, परीक्षा असो, नियम तो नियम.

मी वाटी घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी आले तेव्हा तो पानावर बसला होता. गंगाबाई बाजूला पाटावर. भुवनाक्का त्याच्या पानाशेजारीच, भिंतीलगत विळी मांडून त्याच्यासाठी काकडी चिरत होती. तो शांत आवाजात बोलत होता, भजनाआधी सूर लावतो तसा.

"देवळात रघोजीमामा भेटले. म्हणाले, तुझी बायको हॉटेलात कामाला जाणार म्हणे. मज माहीत नव्हतं. गावाला माहीत अहे, मज नाही."

भुवनाक्का चिरत राहिली.

"खोली देणार म्हणे. नवऱ्याचं घर असताना खोली कशाला?"

"काम पहाटेचं अहे," ती म्हणाली.

त्यानं भाताबरोबर उसळीचा मोठा घास घेतला. चावला, गिळला. आणि थांबला. डोळे मोठे झाले. खाकरला, पुन्हा खाकरला. ते तंतू घशात रुतले होते, पाण्यानं खाली जाईनात आणि खोकून वर येईनात. तांब्या तोंडाला लावला, पाणी नाकातून बाहेर आलं. चेहरा लाल, मग जांभळा. तो पानावरच ओकला. गंगाबाई पाठीवर थापा मारत होती. भुवनाक्का पाणी घेऊन उठायला लागली तेव्हा त्यानं हातानं तिला खाली बसवलं, खांद्यावर असा दाब दिला की ती विळीवर आदळली.

"विष घातलंस," तो म्हणाला. आवाज फाटला होता. गळा हेच त्याचं सगळं वैभव, आणि त्यातून करवतीसारखा आवाज येत होता.

"नाही. फूल अहे. मजही कळ्ळं नाही कसं..."

त्यानं तिच्या पाठीत लाथ घातली. मग केस धरले आणि डोकं भिंतीवर. एकदा, दोनदा. गिलावा पडला. ही माझीच भिंत. एकोणीस वर्षं मी हा आवाज दुसऱ्या बाजूनं ऐकत होते, टीव्हीच्या आड. या बाजूनं तो ओला असतो. मी वाटी हातात धरून दारात उभी होते आणि माझे पाय हलत नव्हते. भीतीनं नाही, सवयीनं. हे मला माफ करता येत नाही.

गंगाबाई म्हणाली, "मुरली, शेजारीण आली अहे."

तेवढंच. शेजारीण आली आहे. जसं काही तो उघड्या अंगानं बसला होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भुवनाक्काच्या मागून वाकून त्यानं तिचा उजवा हात मनगटाशी धरला. दोन्ही हातांनी. "या हातानं जाणार ना हॉटेलात? हा हात लागतो ना त्यांना?" आणि तो हात विळीच्या पात्याकडे रेटायला लागला. हळूहळू. घाई नव्हती त्याला. तिनं बोटं मिटली, त्यानं मनगट पिरगळलं, बोटं उघडली. पात्यावर काकडीच्या बिया चिकटल्या होत्या. तिची तर्जनी तिथवर गेली, कातडी फुटली, रक्ताची बारीक रेघ आली. ती ओरडली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. ती खाली पाहत होती, आपल्या पायाकडे.

विळीवर पाय असतो म्हणून पातं उभं राहतं. हे विळीवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मुरलीकृष्ण जन्मात कधी विळीवर बसला नव्हता.

भुवनाक्कानं पाय उचलला.

त्याचा सगळा भार पुढे होता. विळी सरकली, कलली, रेटायला समोर काही उरलं नाही आणि तो तिच्या खांद्यावरून पुढे कोसळला. सावरायला त्यानं तळहात टेकला. पात्यावर. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत हात उघडला. आतलं पांढरं मला क्षणभर दिसलं, मग रक्त आलं आणि काही दिसेना. पानावरचा भात लाल झाला. तो ओरडला तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण या वेळी खिडक्या उघड्या होत्या.

गल्ली धावली. कुणाच्याही घरात टीव्ही मोठा नव्हता वाटतं. भुवनाक्कानं खांद्यावरचं स्वयंपाकाचं फडकं त्याच्या हाताभोवती करकचून बांधलं, हात वर धरला, जसा धरायचा तसा. तिच्या कपाळातून रक्त भुवईवर येत होतं. ते तिनं पुसलं नाही. दारात गल्लीतले वडीलधारे रघोजीमामा, त्यांच्या मागे दहाबारा माणसं.

"काय जालं?" रघोजीमामांनी विचारलं.

"हिनं," मुरलीकृष्ण म्हणाला, "हिनं मज..."

"पोलिसांना बोलवा," गंगाबाई म्हणाली. "माझ्या लेकाचा हात कापला हिनं."

सगळे भुवनाक्काकडे पाहायला लागले. तिनं नवऱ्याचा रक्तानं भिजलेला हात तसाच वर धरून ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "काही नाही, मामा. वाळैप्पूचा डाग अहे. तेल लावलं की जातो."

रघोजीमामांनी मान खाली घातली. त्यांच्यामागच्या बायकांनी पदर सारखे केले. एकोणीस वर्षं त्यांनी हे उत्तर ऐकून मान हलवली होती, आता नाही कसं म्हणणार. मीही त्यांच्यातच उभी होते. पोलिसांना कुणी बोलावलं नाही. रिक्षा आली, त्याला इस्पितळात नेलं, गंगाबाई त्याच्याबरोबर गेली. घर रिकामं झालं.

भुवनाक्का केराच्या टोपलीशी बसली. मला वाटलं हिला चक्कर आली. पण ती हात घालून काहीतरी शोधत होती. तो बशीसारखा तुकडा तिनं बाहेर काढला, नखानं दाबला. नख आत गेलं. कडेचा कपटा जिभेवर ठेवला.

"प्रिया, हेच खायाचं होतं," ती म्हणाली. "मी टाकून दिलं."

तिनं विळी धुतली. दोनदा. विळी, दुसरा आर्टिचोक आणि दोन लुगडी घेऊन माझ्या घरी आली. कपाळावर मी हळद भरली, बोटावर पट्टी बांधली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, आधी हे. आणि माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा विळीवर बसली. या वेळी शेंडा उडवला, पानं मोडली, काटे लागले तरी थांबली नाही. तंतू आले तसे चमच्यानं खरवडून काढले, एकही ठेवला नाही. खालचा तुकडा लिंबू चोळून मिठाच्या पाण्यात उकळला. वर खोबरेल तेल, हिरवी मिरची. आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. बटाट्याच्या जवळची चव, थोडी कडू, आणि मग पाणी प्यायलं की ते गोड लागतं.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "पाय मीच उचलला. तुज सांगून ठेवते."

"मी पाहिलं," मी म्हटलं.

"पाहिलंस," ती म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं ते मला कळलं आणि मी ताटं उचलायला लागले.

सोमवारी मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर हॉटेलात गेले. बारा आर्टिचोक तिनं तासाभरात साफ केले. पट्टी बांधलेलं बोट वर धरून, नऊ बोटांनी. एकाही नगात तंतू राहिला नव्हता. नित्यानं एकेक उचलून उजेडात पाहिला आणि टेबलाच्या खणातून नोकरीचा फॉर्म काढला. कपाळावरच्या जखमेबद्दल तिनं विचारलं नाही. शनिवारी विचारून तिला उत्तर मिळालं होतं.

नाव, जन्मतारीख, पत्ता. पत्त्यापाशी भुवनाक्का थांबली, मग म्हणाली, "हाच लिहा. मागची खोली." नित्यानं लिहिलं. पुढची ओळ आली.

"ओळखीच्या खुणा, अक्का. अंगावर तीळ, व्रण काही असेल तर. दोन पाहिजेत."

भुवनाक्कानं जरा विचार केला.

"कुठल्या दोन सांगूं?"

नित्यानं मान वर केली. भुवनाक्का पोलक्याची बाही वर सरकवत होती. "ही डावाची. हे हाड नीट जुळलं नाही, बघा, हिकडं वाकडं अहे. ही उलथन्याची, तापवून. कानामागं ही पट्ट्याच्या बक्कलाची." ती घाईत नव्हती, भाजीवाल्याला यादी सांगावी तशी सांगत होती. "पोटावर एक अहे, ती दाखवत नाही. दुसरं वर्ष. विहिरीजवळ पाणी नव्हतं." हे ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

फॉर्मवर दोनच ओळी होत्या आणि त्या भरल्या होत्या. भुवनाक्काचं सांगणं संपलं नव्हतं. नित्यानं फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.